बारा कोअर, वीस थ्रेड आणि मॅकओएसचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, इंदिरानगरला माझं लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम चालतं. आय७-१२७००के, झेड६९० बोर्ड, ३२ जीबी रॅम आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड असं मशीन जमवून त्यावर मॅकओएस सोनोमा चढवलं. बायोसमधून ई-कोअर बंद ठेवले तरच चालतं. चालू केले की सफरचंद दिसतं आणि मशीन रीस्टार्ट होतं. सगळे वीस थ्रेड वापरायचे तर काय करू? सिंहस्थाचं काम अंगावर घेतलंय, त्याआधी हे मार्गी लागायला हवं."

तुमचा प्रोसेसर बिघडलेला नाही आणि बोर्डही. अशा तक्रारीची बरीच हॅकिंटॉश, म्हणजे ॲपलची नसून मॅकओएस चालवणारी मशीन, माझ्या टेबलावर येऊन गेली आहेत. त्यातल्या बहुतेकांनी आधी रॅम बदलून पाहिलेली असते, मग पॉवर सप्लाय, आणि एकाने तर बोर्डच बदलला होता. तुम्ही यातलं काही करू नका. दोष हार्डवेअरमध्ये नसून हिशोबात आहे. तो हिशोब कळला की पुढचं सगळं सरळ होतं, म्हणून सेटिंगच्या आधी तेच सांगतो.

तुमच्या प्रोसेसरमध्ये आठ पी-कोअर (मोठे, वेगवान) आणि चार ई-कोअर (लहान, कमी वीज खाणारे) आहेत. प्रत्येक पी-कोअर हायपरथ्रेडिंगमुळे दोन थ्रेड, म्हणजे कामाच्या दोन धारा, चालवतो, ई-कोअर मात्र एकच. म्हणजे आठ दुणे सोळा आणि वर चार, असे वीस थ्रेड. मॅकओएसचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, बूट होताना प्रोसेसरला दोन आकडे विचारतं: कोअर किती आणि थ्रेड किती. उत्तर येतं बारा आणि वीस. मग ते सरळ भागाकार करतं, एका कोअरला थ्रेड किती? वीस भागिले बारा. पूर्णांकी भागाकार असल्यामुळे उत्तर येतं एक, आणि उरलेले आठ बाजूला पडतात. कर्नल गृहीत धरतं की प्रत्येक कोअरला एकच थ्रेड आहे. प्रत्यक्ष मोजणी सुरू झाली की पहिल्याच पी-कोअरपाशी दोन थ्रेड सापडतात. मांडलेला हिशोब आणि समोरची मोजणी जुळत नाही, म्हणून कर्नल पुढे जायला नकार देतं. तुम्हाला दिसतो तो रीस्टार्ट म्हणजे हाच नकार. ई-कोअर बंद केले की आठ आणि सोळा असे आकडे मिळतात, भागाकार नेमका दोन येतो आणि मशीन सुरळीत उठतं.

कर्नलने असं का गृहीत धरावं, याला कारण आहे. ॲपलने इंटेलचा हायब्रिड, म्हणजे दोन जातींच्या कोअरचा, प्रोसेसर घातलेला एकही मॅक कधी विकला नाही. इंटेलवरचा शेवटचा नवा मॅक म्हणजे २०२० चा २७ इंची आयमॅक, त्यात दहाव्या पिढीचा कॉमेट लेक होता. अल्डर लेक, म्हणजे तुमची बारावी पिढी, आली नोव्हेंबर २०२१ मध्ये. तोवर ॲपल स्वतःच्या चिपकडे वळून वर्ष झालं होतं. ॲपलच्या एम१ चिपमध्येही दोन जातींचे कोअर आहेत आणि मॅकओएस ते उत्तम वापरतं, पण ती अक्कल ॲपल सिलिकॉनसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये आहे. इंटेलच्या कर्नलला सगळे कोअर सारखेच वाटतात. विंडोज ११ ला इंटेलचा थ्रेड डायरेक्टर प्रोसेसरच्या आतून सांगत असतो की हे काम कुठल्या कोअरला शोभेल. मॅकओएस त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून "विंडोजमध्ये सगळं चालतं, मग इथे का नाही" हा प्रश्न मनातून काढून टाका.

आता कामाला लागू. एक सूचना आधी: खाली सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितोय, कॉन्फिग फाइलमध्ये ती रोमन लिपीत, शब्द एकमेकांना जोडून सापडतील. आणि हे सगळं पेनड्राइव्हवरच्या ईएफआयवर, म्हणजे बूटच्या फाइलींच्या फोल्डरवर, करा. एसएसडीवर जे ईएफआय आज ई-कोअर बंद ठेवून चालतंय त्याला हात लावू नका, त्याची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. एका डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मी चालतं ईएफआय थेट एसएसडीवर बदललं, दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि ते शोधण्यात पहाट झाली. तेव्हापासून पेनड्राइव्हवर सलग दोन दिवस नीट चालल्याशिवाय मी काही एसएसडीवर नेत नाही.

पहिली गोष्ट, प्रोसेसरची ओळख. कर्नलला बारावी पिढी माहीतच नाही, म्हणून तिला कॉमेट लेक म्हणून पुढे करावं लागतं. मॅकओएस बूट करून देणारा लोडर म्हणजे ओपनकोअर, त्याच्या कॉन्फिगमध्ये कर्नल विभागात इम्युलेट आहे, तिथे सीपीयूआयडी-१-डेटा मध्ये पहिले चार बाइट ५५, ०६, ०ए, ०० आणि पुढचे बारा बाइट शून्य. त्याखालच्या मास्कमध्ये पहिले चार बाइट एफएफ, पुढचे बारा शून्य. तुमचं मशीन ई-कोअर बंद ठेवून चालतंय, म्हणजे हे बहुधा आधीच आहे. तरी एकदा डोळ्यांनी तपासा, कारण तयार ईएफआय उतरवून घेतलेलं असेल तर मास्क रिकामा राहिलेला मी पाहिलाय.

दुसरी गोष्ट एसीपीआयची, म्हणजे ज्या तक्त्यांतून फर्मवेअर हार्डवेअरची ओळख करून देतं त्यांची. आपल्याकडे बहुतेकांचं इथेच चुकतं. जुन्या बोर्डांवर फर्मवेअर प्रत्येक कोअरची नोंद 'प्रोसेसर' या शब्दाने करायचं. एसीपीआयच्या सहाव्या आवृत्तीपासून तो शब्द जुना ठरला आणि नवे बोर्ड कोअरची नोंद 'डिव्हाइस' म्हणून करतात. मॅकओएसचं पॉवर मॅनेजमेंट मात्र अजून जुनाच शब्द शोधतं. त्यामुळे नेहमीचा एसएसडीटी-प्लग हा जोडतक्ता इथे कामाचा नाही, त्याच्याऐवजी एसएसडीटी-प्लग-ऑल्ट हवा. ओपनकोअरच्या संचात एसीपीआय नमुन्यांच्या फोल्डरमध्ये तो मिळतो. तो कोअरच्या नोंदी जुन्या पद्धतीने नव्याने करून देतो. साधा प्लग आणि ऑल्ट दोन्ही एकत्र ठेवू नका. कुणी सांगेल की मॅकओएस १२.३ पासून प्लग लागतच नाही. प्लगइन-टाइपची खूण न देताही पॉवर मॅनेजमेंटचं प्लगइन चढू लागलं, इतपत ते खरं आहे. पण कोअरच्या नोंदीचा प्रश्न त्याने सुटत नाही, म्हणून बाराव्या पिढीला ऑल्ट ठेवाच. ईसी, यूएसबीएक्स आणि ऑवॅक हे बाकीचे एसएसडीटी ६०० मालिकेच्या बोर्डांना लागतात, ते तुमच्याकडे असतीलच.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी तुम्ही विचारलंत. कर्नल विभागाच्या क्वर्क्समध्ये (खास दुरुस्त्यांच्या यादीत) प्रोव्हाइड-करंट-सीपीयू-इन्फो आहे, ते चालू करा. इंटेलच्या हायब्रिड प्रोसेसरवर ते काय करतं? कर्नलला सांगतं की कोअर बारा नाहीत, वीस आहेत, आणि थ्रेडही वीस. भागाकार एक, मोजणीत प्रत्येक "कोअर"ला एक थ्रेड, हिशोब जुळला. मॅकओएस १०.१४ पासून पुढे हे चालतं. मग बायोसमध्ये जाऊन ई-कोअर चालू करा, हायपरथ्रेडिंगही चालूच ठेवा. 'लेगसी गेम कॉम्पॅटिबिलिटी मोड' नावाची सेटिंग दिसली तर ती बंद असू द्या. स्क्रोल लॉकची कळ दाबून ई-कोअर निजवण्याची ती सोय आहे, आपल्याला नको. पेनड्राइव्हवरून बूट करा, पहिल्याच स्क्रीनवर एनव्हीरॅम (बूटची सेटिंग जपणारी बोर्डावरची मेमरी) रीसेट करा आणि मग आत जा. हे रीसेट विसरलं की जुनी बूट-आर्ग्युमेंट (बूट होताना कर्नलला दिलेल्या सूचना) तशीच राहतात आणि आपण भलत्याच जागी चूक शोधत बसतो.

इथपर्यंत आलात की ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून विंडो मेनूतून सीपीयू हिस्टरी काढा. वीस पट्ट्या दिसतील. बहुतेक जण इथे थांबतात, फोटो काढून मित्रांना पाठवतात. मी तुम्हाला थांबू नका म्हणेन, कारण तुम्ही विचारलंत "पूर्ण" चालवायचं, आणि हे पूर्ण नाही.

का नाही, ते एका मशीनच्या निमित्ताने सांगतो. गंगापूर रोडच्या एका स्टुडिओसाठी असंच १२७००के चं मशीन मी बांधून दिलं. वीस पट्ट्या हलत होत्या, एक्स्पोर्ट झकास होत होतं. चौथ्या दिवशी स्टुडिओवाल्या ताई मशीन घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "एक्स्पोर्ट पळतं हो, पण टाइमलाइनवर काम करताना मध्येच अडखळतं. दोन सेकंद नीट, मग एक हिसका, परत नीट." मी त्यांच्याच प्रोजेक्टवर बसलो. पाच-सात मिनिटं काहीच नाही. मग एका मल्टिकॅम कटवर प्लेबॅक खरोखरच हिसकला, तेव्हा सीपीयू हिस्टरीत फक्त चार पट्ट्या वर होत्या. बाकी सोळा जवळजवळ सपाट. मशीन रिकामं होतं आणि तरी अडखळत होतं. त्या चार पट्ट्यांपैकी दोन एकाच पी-कोअरच्या जुळ्या होत्या आणि एक ई-कोअर होता. आठ तगडे कोअर, त्यातले सहा रिकामे, आणि काम मात्र एकाच्या दोन खांद्यांवर आणि एका लहान कोअरवर लादलेलं.

वीसला वीस सांगून आपण कर्नलची समजूत घातली, पण त्यासाठी नाती पुसून टाकली. कुठले दोन थ्रेड एकाच कोअरचे, हे त्याला आता माहीत नाही. लहान कोण आणि मोठा कोण हे तर आधीपासूनच माहीत नव्हतं. सगळे वीस सारखे समजून ते काम वाटतं. सगळ्या वीसांना काम असतं तेव्हा या अज्ञानाने फारसं बिघडत नाही, एक्स्पोर्ट म्हणूनच पळतं. अडचण येते ती अर्ध्या भारात. आणि एडिटरचा दिवस जातो तो अर्ध्या भारातच: स्क्रबिंग, कट, एखादा इफेक्ट, परत प्लेबॅक.

यावरचा इलाज आहे सीपीयू-टोपॉलॉजी-रीबिल्ड नावाचा केक्स्ट, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा. तो लिलू या मूळ केक्स्टचं प्लगइन आहे, म्हणून यादीत लिलू सगळ्यात वर आणि हा त्याच्या खाली. प्रोव्हाइड-करंट-सीपीयू-इन्फो चालूच ठेवायचं, ते काढलं तर मशीन पुन्हा उठणार नाही. कर्नलने सपाट नकाशा मांडून झाला की हा केक्स्ट मागून तो दुरुस्त करतो: पी-कोअरचे जुळे थ्रेड पुन्हा एका कोअरखाली बसवतो. बूट-आर्ग्युमेंट देऊन ई-कोअरनाही पी-कोअरच्या दुय्यम थ्रेडसारखी जागा देता येते. ती आर्ग्युमेंट केक्स्टच्या सोबतच्या वाचा-मला फाइलीत दिलेली असतात. तुम्ही जी आवृत्ती उतरवाल तिचीच फाइल वाचा, जुनं कुठूनतरी उचलू नका.

ई-कोअरला दुसऱ्याचा थ्रेड म्हणून दाखवणं ऐकायला विचित्र वाटतं, पण ते चालण्यामागे पक्कं कारण आहे. इंटेलच्या कर्नलला हायपरथ्रेडिंग चांगलं कळतं, ते त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीचं आहे. कोअरचा पहिला थ्रेड मुख्य आणि उरलेले दुय्यम असं ते मानतं. काम आलं की आधी रिकामा मुख्य थ्रेड शोधतं, सगळे मुख्य भरले की मगच दुय्यमांकडे वळतं. म्हणजे ई-कोअर दुय्यमांच्या रांगेत बसवले की आठही पी-कोअर कामाला लागेपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नाही. कर्नलला लहान-मोठं शिकवता येत नाही, पण मुख्य-दुय्यम त्याला येतं, आणि आपल्या कामाला ते पुरतं. त्या ताईंच्या मशीनवर मी हा केक्स्ट घातला आणि त्याच मल्टिकॅम कटवर अर्धा तास बसून राहिलो. हिसका आला नाही. मशीन आजही त्याच सेटिंगवर चालतंय.

हा केक्स्ट घातल्यावर वेगवेगळी ॲप कोअरचा आकडा वेगवेगळा दाखवतील. एखादं म्हणेल आठ, एखादं म्हणेल वीस. त्याने अस्वस्थ होऊ नका. आकडे जुळवण्यासाठी सेटिंग हलवत बसलात तर कामाचं बिघडेल.

मग नीट चाललंय हे ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी करतो. सिनेबेंच आर२३ ची एका थ्रेडची चाचणी लागोपाठ तीनदा चालवतो. नकाशा सपाट असेल तर तिन्ही आकड्यांत फरक पडतो, कारण काम कधी पी-कोअरवर पडतं, कधी ई-कोअरवर. नकाशा नीट असेल तर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. मला सगळ्यात मोठा आकडा नको असतो, सारखा आकडा हवा असतो. दुसरी गोष्ट, ज्याचं मशीन त्याचाच एखादा खरा प्रोजेक्ट. तुम्ही तुमच्या एखाद्या लग्नाचा प्रोजेक्ट घ्या, एकदा ई-कोअर बंद ठेवून आणि एकदा सगळं चालू करून तोच एक्स्पोर्ट करा, घड्याळ लावा, वहीत लिहा. दोन्ही वेळा मशीन थंड झाल्यावरच सुरुवात करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी खोलीच तापलेली असते, तेव्हा सकाळी घेतलेल्या आकड्याची दुपारच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

तापमानाचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. १२७००के ची इंटेलने दिलेली मूळ पॉवर १२५ वॅट आणि टर्बोची मर्यादा १९० वॅट आहे. झेड६९० चे बरेच बोर्ड डब्यातून निघताना ही मर्यादा सोडून देतात. बायोसमध्ये पीएल१ (मूळ मर्यादा) आणि पीएल२ (टर्बोची मर्यादा) स्वतः घाला. मी आपल्या हवेत १२५ आणि १९० ठेवतो. ई-कोअर चालू झाल्यावर भार वाढतो, आणि साध्या एअर कूलरवर मर्यादा न घातलेलं मशीन तापून वेग कमी करतं. मग माणूस केक्स्टला दोष देतो. तापमान बघायला व्हर्च्युअल-एसएमसी सोबतचा एसएमसी-प्रोसेसर हा केक्स्ट पुरेसा आहे.

आता एक प्रामाणिक मत. तुमच्या १२७००के मध्ये ई-कोअर चारच आहेत. आठ पी-कोअरच्या जोडीला ते चार आल्याने पूर्ण भाराच्या एक्स्पोर्टमध्ये फायदा दिसतो, पण तो डोळे दिपवणारा नाही. शिवाय तुमच्या कामातला मोठा भाग आरएक्स ६६०० उचलतं. म्हणून वरचं सगळं करूनही टाइमलाइन त्रास देत असेल तर ई-कोअर बंद करून आठ-सोळावर काम करण्यात काहीही कमीपणा नाही. सिंहस्थाच्या गर्दीत रोजच्या रोज फुटेज द्यायचं असेल तर अडखळणाऱ्या वीसपेक्षा न अडखळणारे सोळा मी कधीही घेईन. फक्त तसं ठरवलंत तर प्रोव्हाइड-करंट-सीपीयू-इन्फो बंद करायला विसरू नका. ई-कोअर बंद आणि ते सेटिंग चालू असं ठेवलं की सोळा थ्रेड सोळा वेगळे कोअर म्हणून दिसतात. पुन्हा तीच सपाट जमीन, आणि तीही गरज नसताना. ही चूक मी इतक्या मशीनवर पाहिली आहे की आता मशीन आलं की पहिलं तेच उघडतो.

प्रोसेसर वेगळा असता तर माझा सल्ला बदलला असता. आय५-१३६००के मध्ये सहा पी आणि आठ ई आहेत, तिथे ई-कोअर बंद ठेवणं म्हणजे अर्धं मशीन कपाटात ठेवणं. आय९-१३९००के मध्ये तर ई-कोअर सोळा. याउलट आय५-१२४०० मध्ये ई-कोअरच नाहीत, सहा कोअर आणि बारा थ्रेड, सरळ हिशोब. मला कोणी नव्याने, कमी पैशात, कटकट नको असलेलं मशीन विचारलं तर मी अजूनही तेच नाव घेतो. तिसरा मार्गही आहे, हायपरथ्रेडिंग बंद आणि ई-कोअर चालू. बारा कोअर, बारा थ्रेड, भागाकार एक, क्वर्कशिवाय बूट. पण त्यात पी-कोअरचे आठ थ्रेड जातात आणि लहान-मोठ्याचा घोळ तसाच राहतो. शोध घेताना चाचणी म्हणून वापरा, कायमचं नको.

तेरावी किंवा चौदावी पिढी असेल तर सगळ्याच्या आधी बायोस अपडेट. त्या पिढ्यांच्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुखावलेला प्रोसेसर हॅकिंटॉशमध्ये अगदी टोपॉलॉजीच्या, म्हणजे कोअरच्या नकाशाच्या, चुकीसारखाच वागतो, अधूनमधून पॅनिक (कर्नल कोलमडून थांबणं), कारण सापडत नाही. तुमची बारावी पिढी या दोषापासून लांब आहे.

एसएमबायोस, म्हणजे मशीनने कुठला मॅक असल्याचं सांगायचं ती ओळख, कुठला, हे तुम्ही विचारलं नाहीत पण त्याचा इथे संबंध आहे. मॅकप्रो७,१ ठेवा. तुमच्या प्रोसेसरमधलं यूएचडी ७७० ग्राफिक्स मॅकओएसला चालत नाही, सगळं काम आरएक्स ६६०० करणार. २०१९ च्या मॅक प्रोमध्येही अंगचं ग्राफिक्स नव्हतं, म्हणून जोडी जमते. आयमॅक२०,२ घेतलात तर मॅकओएस त्या अंगच्या ग्राफिक्सची वाट पाहतं आणि व्हिडिओच्या कामात विचित्र गोष्टी होतात. मॅकप्रो७,१ घेतल्यावर "मेमरी चुकीच्या जागी बसवली आहे" असा इशारा येऊ लागेल. रिस्ट्रिक्ट-इव्हेंट्स हा केक्स्ट तो थांबवतो आणि प्रोसेसरचं नावही नीट दाखवतो. आरएक्स ६६०० ला बूट-आर्ग्युमेंटमध्ये एजीडीपीमॉड बरोबर पिकेरा लागतं, नाहीतर स्क्रीन काळी. तुमचं चालतंय म्हणजे ते आहे. एसएमबायोस बदललात तर सिरियल नव्याने बनवावं लागेल आणि आयक्लाउडमधून आधी बाहेर पडावं लागेल.

बायोसमधल्या बाकीच्या गोष्टी एका दमात: सीएफजी लॉक बंद, सिक्युअर बूट बंद, सीएसएम बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू. सीएफजी लॉकची सेटिंग बोर्डात सापडलीच नाही तर ओपनकोअरमधलं ॲपल-एक्ससीपीएम-सीएफजी-लॉक चालू करा. झोपेतून उठल्यावर मशीन जड वाटू लागलं तर सीपीयू-टीएससी-सिंक घालून पाहा. तसं होत नसेल तर उगाच घालू नका, प्रत्येक जास्तीचा केक्स्ट पुढच्या अपडेटला एक जास्तीचा प्रश्न असतो.

आणि अपडेटबद्दल. सोनोमावर सगळं चालत असेल तर काम संपेपर्यंत तिथेच राहा. २०२५ चं टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे, हे ॲपलने स्वतः सांगितलंय. म्हणजे या रस्त्याचा शेवट दिसतोय. शिवाय ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालवायचं असतं. ज्यांचं पोट या मशीनवर आहे त्यांना हे दोन्ही मी मशीन बांधायच्या आधी सांगतो, तुम्हाला नंतर सांगतोय. सिंहस्थाच्या कामातून पैसे आले की एखादा एम-मालिकेचा मॅक मिनी डोक्यात ठेवा आणि हे मशीन विंडोजला द्या. तिथे त्याचे बाराही कोअर कुठल्याही केक्स्टशिवाय नीट चालतील.

सिंहस्थाचं काम मोठं आहे, म्हणून एक व्यवस्था लावून ठेवा. दोन पेनड्राइव्ह घ्या. एकावर ई-कोअर चालू असलेलं ईएफआय, दुसऱ्यावर ई-कोअर बंद असलेलं, दोन्हींवर मार्करने मोठं लिहा. बायोसमध्येही दोन प्रोफाइल साठवून ठेवा, बहुतेक झेड६९० बोर्डांना ती सोय असते. रामकुंडावरून रात्री फुटेज घेऊन आलात आणि मशीनने हट्ट धरला, तर प्रोफाइल बदला, दुसरा पेनड्राइव्ह लावा आणि कामाला लागा. दुरुस्ती सकाळी बघू.

वरचं करूनही पॅनिक आलं तर मला फोटो पाठवा, पण असा: बूट-आर्ग्युमेंटमध्ये डॅश-व्ही, कीपसिम्स बरोबर १ आणि डीबग बरोबर ०एक्स१०० घाला. शेवटच्यामुळे पॅनिकनंतर मशीन आपोआप रीस्टार्ट न होता स्क्रीनवर मजकूर धरून ठेवतं. फोटो सरळ उभं राहून काढा, स्क्रीनवर ट्यूबलाइटचा उजेड पडू देऊ नका. मजकूर पळत असेल तर मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. मला शेवटच्या ओळी नकोत, "पॅनिक" हा शब्द पहिल्यांदा येतो ती ओळ आणि तिच्या वरच्या दहा ओळी हव्यात. सोबत बोर्डाचं पूर्ण नाव, बायोसची आवृत्ती आणि ई-कोअर, हायपरथ्रेडिंग दोन्ही त्या वेळी चालू होते की बंद, एवढं लिहा. कॉन्फिग फाइल पाठवणार असाल तर त्यातला सिरियलचा भाग आधी पुसून टाका.